व्हॅनमध्ये दुसरी बॅटरी बसवायची आहे? आधी हे वाचा

मार्च महिना होता. कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायची म्हणून आम्ही वेळासला गेलो होतो. पहाटे उठून निघायचं तर व्हॅन चालूच होईना. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’ वाजायचं. रात्रभर छोटा फ्रिज चालू होता, कारण आईचं इन्सुलिन त्यात होतं. फ्रिजची वायर एका दुकानदाराकडून थेट गाडीच्या बॅटरीवरून ओढून घेतली होती. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ ॲम्पिअर-अवरची असते, त्यात आमची तीन वर्षं जुनी. सकाळपर्यंत सेल्फ फिरवण्याएवढा जीवही तिच्यात उरला नव्हता. गावातल्या चार जणांनी धक्का मारून दिला तेव्हा गाडी चालू झाली. पण तोवर ऊन चढलं होतं, फ्रिज बंद होता आणि इन्सुलिनची पेनं हातात धरून मी सावली शोधत होते.

परत आल्यावर दुसरी बॅटरी बसवून घेतली. तीही पहिल्यांदा चुकीची बसली. सरळ दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या, मध्ये पातळ वायर आणि फ्यूज एकही नाही. ताम्हिणी घाट उतरताना जळका वास आला म्हणून मागचं कव्हर उघडलं, तर वायरचं आवरण मऊ पडलं होतं. मग सगळं काढून टाकलं, नीट शिकले आणि भावाच्या मदतीने पुन्हा बसवलं. त्याला आता तीन पावसाळे झाले. खालचं सगळं त्या अनुभवातून आलेलं आहे. आमची गाडी पाच सीटची पेट्रोल ईको. तुमची दुसरी असली तरी तत्त्व तेच.

पायरी १ : दिवसाला किती वीज लागते ते मोजा

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘किती एएचची देऊ?’ म्हणजे किती ॲम्पिअर-अवर क्षमतेची बॅटरी. याचं उत्तर घरून लिहून न्या. प्रत्येक उपकरणाचे वॉट गुणिले तास करा आणि बेरीज मांडा. आमचा हिशेब असा होता :

- ४५ वॉटचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज. तो अखंड चालत नाही. कोकणातल्या उकाड्यात साधारण ४० टक्के वेळ चालेल असं धरलं. २४ तासांचे ४३२ वॉट-अवर.
- १५ वॉटचा डीसी पंखा, ८ तास : १२०.
- ५ वॉटचे दोन एलईडी दिवे, ४ तास : ४०.
- दोन मोबाइल : ३०.

एकूण ६२२ वॉट-अवर. लिथियम बॅटरीच्या १२.८ व्होल्टने भागलं की जवळपास ४९ ॲम्पिअर-अवर. म्हणजे इंजिन अजिबात चालू न करता एक पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवसाचा काही भाग काढायचा, तर १०० ॲम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी पुरते.

इथे एक मोह आवरा. ‘इन्व्हर्टर लावून इंडक्शनवर चहा करू’ हा विचार सगळ्यांच्याच मनात येतो. २००० वॉटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून १७० ॲम्पिअरहून जास्त ओढते. १०० ॲम्पिअर-अवरच्या बहुतेक बॅटऱ्यांचं आतलं संरक्षक सर्किट १०० ॲम्पिअरच्या आसपासच हात टेकतं. स्वयंपाक गॅसवर करा, आणि तोही गाडीबाहेर, उघड्यावर. फोन आणि लॅपटॉप थेट १२ व्होल्टच्या चार्जरवर चालतात, त्यांना इन्व्हर्टर लागत नाही.

पायरी २ : बॅटरी निवडा

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी गाडीत टाकणारे बरेच भेटतात. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. १५० ॲम्पिअर-अवरची ट्युब्युलर पन्नास किलोंच्या पुढे जाते, तिच्यात पातळ आम्ल असतं आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. ज्या बंद डब्यात तुम्ही झोपणार, तिथे ती नको. सीलबंद लेड-ॲसिड चालेल, पण तिची निम्मीच क्षमता वापरायची असते. रोज त्याखाली नेली तर ती लवकर मरते. म्हणजे १०० ची घेतलीत तर हाती ५० आली.

आम्ही लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. दुकानात तिला ‘एलएफपी’ म्हणतात. वजन दहा-बारा किलो, ८० टक्के क्षमता बिनधास्त वापरता येते, आणि मोबाइलमधल्या लिथियमच्या तुलनेत ती पेट घेण्याचा धोका बराच कमी. किंमत जास्त पडते, पण वर्षानुवर्षं टिकते. तिच्या दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवा. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, त्यामुळे हिवाळ्यात स्पिती-लडाखला जाणार असाल तर थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारी बॅटरी घ्या. आणि फार उष्णता तिला सोसत नाही. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा विचार जागा निवडताना करा.

आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मी घरी केलेली चाचणी सांगते. बॅटरी पूर्ण चार्ज करा. तिला ५५ वॉटचा हॅलोजन हेडलाइट बल्ब फ्यूजसह जोडा, मीटरवर करंट बघा आणि घड्याळ लावा. बल्ब साधारण साडेचार-पाच ॲम्पिअर घेतो. खरी १०० ॲम्पिअर-अवरची बॅटरी त्याला वीस तासांच्या आसपास तरी चालवते. बारा तासांत विझला तर बॅटरी परत द्या. बल्ब भयंकर तापतो, म्हणून तो फरशीवर ठेवा, लाकूड आणि कापडापासून लांब. ही चाचणी परतीची मुदत संपायच्या आत करा.

पायरी ३ : दोन बॅटऱ्यांमध्ये काय बसवायचं

सगळ्या कामाचा गाभा हा आहे. सेल्फची बॅटरी कोणत्याही परिस्थितीत रिकामी होता कामा नये, आणि तरी गाडी चालताना दुसरी बॅटरी चार्ज झाली पाहिजे.

जुनी, स्वस्त पद्धत रिलेची, म्हणजे व्होल्टेज बघून आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचची. इंजिन चालू झालं, व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेलं की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या खाली आलं की तोडतो. दोन्ही बॅटऱ्या लेड-ॲसिड असतील आणि गाडी जुनी असेल तर हे ठीक चालतं. लिथियमला मात्र ते जमत नाही, आणि त्याची कारणं दोन. लिथियमचा आतला अवरोध फार कमी असतो. रिकामी लिथियम अल्टरनेटरकडून (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडून) मिळेल तेवढा करंट ओढत राहते. घाटात ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद फिरत असतं, अल्टरनेटरचा पंखाही मंद, आणि तो पूर्ण ताकदीने काम करत तापतो. दुसरं, भरलेली लिथियम स्वस्थ असतानाही १३.३ च्या आसपास असते. इंजिन बंद केलं तरी रिलेला वाटतं गाडी चालूच आहे. मग तो तुटतच नाही.

म्हणून डीसी-टू-डीसी चार्जर घ्या. तो अल्टरनेटरकडून ठरलेलाच करंट घेतो आणि बॅटरीला हवं तेच व्होल्टेज देतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यानंतरच्या गाड्यांमध्ये अल्टरनेटरचं व्होल्टेज संगणक कमी-जास्त करतो अशी मॉडेलं आहेत. तिथेही हा चार्जरच उपयोगी पडतो.

किती ॲम्पिअरचा घ्यायचा हे अल्टरनेटर सांगेल. त्याच्यावर लेबल असतं, ते वाचा. लेबलवरच्या आकड्याच्या निम्म्याहून जास्त ओढू नका, हेडलाइट, वायपर, एसी यांनाही त्यातूनच मिळतं. आमच्याकडे ३० ॲम्पिअरचा आहे. २० टक्क्यांपर्यंत उतरलेली १०० ची बॅटरी तो पावणेतीन-तीन तासांत भरतो. पुण्याहून ताम्हिणीमार्गे दापोलीला पोहोचेपर्यंत ती भरलेली असते.

चार्जरला ‘इंजिन चालू आहे’ हे कळण्यासाठी एक बारीक इग्निशन वायर असते. ती फ्यूज बॉक्समधल्या अशा फ्यूजवरून घ्या, जो किल्ली फिरवल्यावरच जिवंत होतो. ही वायर कायम चालू असलेल्या फ्यूजवर लावली तर चार्जर रात्रभर सेल्फची बॅटरी उपसून दुसरी भरेल. वेळासची पहाट पुन्हा उगवेल.

पायरी ४ : वायर आणि फ्यूज

बजेट ठरवताना बॅटरी आणि चार्जर घेऊन उरतील ते पैसे वायरला, असं करू नका. आमची जळता जळता वाचलेली गाडी वायरमुळेच जळणार होती.

१२ व्होल्टवर करंट मोठा असतो. घरात २३० व्होल्टवर जी वायर पुरते ती इथे पुरत नाही. हिशेब सोपा आहे. तांब्यासाठी ०.०१७५ गुणिले जाण्या-येण्याची एकूण लांबी मीटरमध्ये, गुणिले ॲम्पिअर, भागिले वायरचा काटछेद. ३० ॲम्पिअर देणारा चार्जर स्वतः पुढच्या बाजूने ३६ च्या आसपास ओढतो. आमच्या गाडीत पुढून मागे ४ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८.

- अडीच एमएमची वायर : जवळपास २ व्होल्ट वाटेतच उष्णता होऊन जातात. माझी वितळायला आलेली वायर हीच.
- दहा एमएम : अर्धा व्होल्ट.
- सोळा एमएम : ०.३ व्होल्टच्या आसपास. आम्ही ही घेतली.

दुकानात ‘सोळा एमएम’ म्हणतात ते खरं तर चौरस मिलिमीटर. वायर बारीक तारांची, लवचीक घ्या. जाड तारेची घरगुती वायर गाडीच्या हादऱ्यांनी कालांतराने तुटते. आणि ब्लेडने एक तार खरवडून बघा. आत चंदेरी दिसली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, घेऊ नका. वेल्डिंग केबलमध्ये हा प्रकार विशेष आढळतो.

निगेटिव्हसाठीही वेगळी वायर ओढा, असा माझा आग्रह आहे. बॉडी अर्थवर, म्हणजे गाडीचा पत्राच निगेटिव्ह म्हणून वापरून, काम भागतं, पण समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तो एक नट गंजला की सगळा करंट गंजातून जातो.

आता फ्यूज. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर घासून बॉडीला टेकली तर बॅटरी शेकडो ॲम्पिअर सोडते आणि वायर लाल होते. त्याआधी फ्यूज उडाला पाहिजे. या वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना हवा, आणि प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. पुढे एक फ्यूज आणि मागे काही नाही, ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे.

आमच्याकडे पुढे ६० ॲम्पिअर, मागे चार्जरच्या वायरवर ४०, आणि त्यानंतर उपकरणांसाठी ब्लेड फ्यूजचा डबा : फ्रिजला निळा १५ चा, मोबाइल-चार्जरला लाल १० चा, दिव्यांना ५ चा. पंखा दिव्यांबरोबरच. बॅटरीकडून या डब्याकडे येणाऱ्या मुख्य वायरलाही तिचा स्वतःचा फ्यूज लागतो, तो विसरू नका. फ्यूजऐवजी घरातलं एसीचं एमसीबी बसवू नका. डीसी करंट तोडताना त्यात ठिणगी विझत नाही.

पायरी ५ : साहित्य गोळा करा

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोड इथे बहुतेक सगळं मिळतं. यादी घेऊन जा :

- बॅटरी, डीसी-टू-डीसी चार्जर, शंटवाला बॅटरी मॉनिटर
- १६ एमएम तांब्याची वायर लाल आणि काळी, उपकरणांसाठी अडीच एमएम
- तांब्याची थिंबलं (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या कड्या), नटाच्या मापाच्या भोकाची
- फ्यूज होल्डर, प्रत्येक फ्यूज दोन जादा
- हीट श्रिंक स्लीव्ह, नळीदार फ्लेक्सिबल पाइप, रबरी ग्रोमेट, केबल टाय
- कट-ऑफ स्विच
- लोखंडी अँगल, एम-८ बोल्ट, मोठे वॉशर, न सुटणारे नट
- मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, पाने, हायड्रॉलिक क्रिंपिंग टूल

क्लॅम्प मीटर घेताना ‘डीसी करंट मोजतो का’ विचारा. स्वस्त मीटर फक्त एसी मोजतात आणि इथे शून्य दाखवत बसतात. क्रिंपिंग टूल विकत घ्यायची गरज नाही. दुकानात वायरची लांबी सांगितली तर थिंबल दाबून देतात. दाबलेलं थिंबल दोन्ही हातांनी जोरात ओढून बघा. हातोडीने ठोकलेलं थिंबल अजिबात घेऊ नका. नुसतं सोल्डर केलेलंही नको, हादऱ्यांनी वायर तिथेच मोडते.

शंट म्हणजे निगेटिव्ह वायरमध्ये बसवलेली, येणारा-जाणारा करंट मोजणारी पट्टी. शंटवाला मॉनिटर का, तर लिथियमचं व्होल्टेज ९० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत जवळजवळ सारखंच दिसतं. व्होल्टमीटर बघून किती उरली ते कळत नाही.

पायरी ६ : जागा ठरवा आणि बॅटरी जखडा

ईकोमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे पुढच्या सीटजवळची जागा बाद. आम्ही मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीच्या पुढच्या कडेला बसवली. ऊन थेट येत नाही आणि वजन चाकांच्या मध्ये राहतं. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि गॅसच्या पाइपपासून बॅटरी आणि वायर दोन्ही लांब ठेवा.

भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली जाऊन बघा. पेट्रोलची टाकी, ब्रेकचा पाइप, पेट्रोलची नळी. वरून मोजमाप करून भागत नाही. एक जण खाली टॉर्च घेऊन, एक वर, असं आम्ही केलं. भोकाच्या कडेला रंग लावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरेल.

अँगलची चौकट करून बॅटरी सर्व बाजूंनी बांधा आणि वरून पट्टी टाका. पत्र्याखाली मोठे वॉशर द्या, नाहीतर जोराच्या धक्क्यात बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो. नुसता नायलॉनचा पट्टा पुरत नाही. बारा किलोंची ती वीट मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या पाठीशी आहे.

पायरी ७ : जोडणी, याच क्रमाने

अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. पान्यांच्या दांड्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळा.

१. किल्ली काढा. गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होतं. निगेटिव्ह सुटलेली असेल तर काही होत नाही.

२. सगळे फ्यूज होल्डरमधून काढून ठेवा.

३. वायर नळीदार पाइपमध्ये घालून ओढा, पत्र्यातून जाते तिथे प्रत्येक ठिकाणी ग्रोमेट. सायलेन्सर आणि सीटच्या सरकत्या पट्टीपासून लांब.

४. चार्जर मोकळ्या हवेत बसवा. तो गरम होतो, त्याला गादीखाली दाबू नका.

५. मागची बॅटरी जोडा. निगेटिव्ह शंटमधूनच गेली पाहिजे, चार्जरची आणि उपकरणांचीसुद्धा. एकही वायर शंट टाळून थेट बॅटरीवर गेली तर मॉनिटरचा आकडा खोटा होतो. टर्मिनलवर आधी थिंबल, त्यावर वॉशर, मग स्प्रिंग वॉशर आणि नट. वॉशर थिंबलच्या खाली गेला तर तो जोड तापतो. ही बारीक चूक डोळ्यांना दिसतही नाही.

६. पुढे पॉझिटिव्ह जोडा, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

७. चार्जरवर बॅटरीचा प्रकार ‘एलएफपी’ निवडा. लेड-ॲसिडच्या सेटिंगमध्ये इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणं) असेल तर ते व्होल्टेज १५ च्या पुढे नेतं, लिथियमला ते सोसत नाही.

८. आता फ्यूज घाला, मागचे आधी, पुढचा नंतर.

पायरी ८ : गावाला निघण्याआधी तपासा

किल्ली बंद असताना चार्जरच्या पुढच्या वायरवर क्लॅम्प लावा. जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे. इंजिन चालू करा, थोड्या वेळात चार्जर सुरू होईल. आता चार्जरच्या आत येणारं व्होल्टेज आणि पुढच्या बॅटरीवरचं व्होल्टेज यांतला फरक बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर कुठला तरी जोड सैल आहे.

अर्धा तास चालू ठेवून प्रत्येक जोडाला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट चालेल. चटका बसला तर गाडी बंद करून तो जोड उघडा, ‘होईल नीट’ म्हणून सोडू नका.

मग एक रात्र घराखालीच काढा. फ्रिज, पंखा, दिवे सगळं चालू ठेवून. सकाळी पुढच्या बॅटरीचं व्होल्टेज मोजा. ती धडधाकट असेल तर १२.५-१२.६ च्या आसपास दिसेल. इन्सुलिनसाठी फ्रिज लावणार असाल तर त्याच रात्री आत थर्मामीटर ठेवा. न उघडलेल्या पेनांना २ ते ८ अंश लागतात, आणि गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. छोट्या फ्रिजमध्ये थंड पत्र्याला चिकटून ठेवलेली पेनं गोठतात. आम्ही ती डब्यात घालून मधोमध ठेवतो आणि फ्रिज ५ अंशांवर.

पायरी ९ : कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सीटची संख्या आरसीवर असते, म्हणून जागेसाठी सीट काढून टाकू नका. आम्ही एकही काढलेली नाही. विमा कंपनीला लेखी कळवून बॅटरी-चार्जर ‘इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज’ म्हणून पॉलिसीत नोंदवून घ्या. त्यासाठी हे जवळ ठेवा : आरसी, चालू पॉलिसी, बॅटरी आणि चार्जरची जीएसटी बिलं, वॉरंटी कार्डं, बसवलेल्या जोडणीचे फोटो. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ हार्नेसची, म्हणजे कंपनीने बसवलेल्या वायरच्या जुडग्याची, एकही वायर कापू नका. इग्निशनसाठी फ्यूज-टॅप मिळतो, तो वापरा.

जोडणीचं चित्र कागदावर काढा, कोणत्या फ्यूजवर काय आहे ते लिहा आणि त्याची एक प्रत गाडीतच ठेवा. रात्री अनोळखी गावात मेकॅनिकला ते चित्र दाखवता येतं.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळा, हादऱ्यांनी ते हमखास ढिले होतात. त्यानंतर दर पावसाळा संपला की दसऱ्याला गाडीची पूजा करायच्या आधी मी पुढची-मागची टर्मिनलं उघडते, पॉलिश पेपरने घासते, व्हॅसलीन लावते आणि परत घट्ट करते. दीड तासाचं काम आहे.